हळदीच्या डब्यातला चमचा

सुवॉन, दक्षिण कोरिया
रविवार, २८ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबा व आई यांना साष्टांग नमस्कार. तीर्थस्वरूप आत्यांनाही माझा नमस्कार सांगावा. किंबहुना हे पत्र त्यांना मोठ्याने वाचूनच दाखवावे, कारण यातले निम्मेअधिक मी त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे आणि माझे जिथे चुकले असेल तिथे त्या मला सोडणार नाहीत.

विनंती विशेष. गावच्या वाचनालयाला आजोबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी मी दोन पाने लिहून पाठवावीत, असे तुम्ही दिवाळीतच सांगितले होते. उशीर झाला याबद्दल क्षमा असावी. मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा 'कुटुंबवत्सल', 'निःस्वार्थी', 'देशसेवेचे व्रत घेतलेले' असले शब्द ओळीने येऊन उभे राहिले. ते शब्द खोटे नाहीत, पण ते कोणाच्याही तसबिरीखाली चालले असते, आणि आजोबांना दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून फोटोला बसवल्यासारखे मला वाटले. म्हणून लेखाचा नाद सोडून पत्रच लिहीत आहे. यातले छापण्यासारखे वाटेल ते छापावे, बाकीचे घरात ठेवावे.

गेल्या रविवारी मी इमजिनगाकला जाऊन आले. सोलपासून मुन्सानपर्यंत आगगाडी आणि पुढे थोडे अंतर बस, असा तो प्रवास आहे. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या सीमेकडे जाताना सामान्य माणसाला परवान्याशिवाय जिथपर्यंत जाता येते, तिथपर्यंतचे ते ठिकाण. समोर इमजिन नदी गोठलेली होती. पाण्यावर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून तिरक्या थिजल्या होत्या. काटेरी तारांच्या कुंपणावर लोकांनी रंगीबेरंगी फिती बांधलेल्या आहेत आणि जवळच, युद्धात जागच्या जागी अडकलेले एक गंजके इंजिन ठेवले आहे, ज्याच्या अंगावर गोळ्यांची हजाराहून अधिक भोके आहेत. उत्तरेत घर राहिलेली म्हातारी माणसे सणाच्या दिवशी तिथल्या एका चौथऱ्यासमोर उत्तरेकडे तोंड करून वाकून नमस्कार करतात. मी गेले तेव्हा तसे एक आजोबा एकटेच उभे होते. थंडी इतकी होती की माझ्या फोनने पंधरा मिनिटांत मान टाकली. त्या नदीपलीकडे थोड्याच अंतरावर पानमुनजॉम आहे आणि तिथल्याच माळावर, बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, आपले आजोबा वयाच्या तेविसाव्या वर्षी पहारा देत उभे होते.

आपल्या घरात 'आजोबा कोरियाच्या लढाईत होते' असे सांगायची पद्धत आहे, आणि मीही शाळेत तसेच सांगत असे. स्मरणिकेत मात्र तसे लिहू नये, अशी माझी विनंती आहे. ते तिथे लढायला गेलेच नव्हते. युद्धबंदी २७ जुलै १९५३ रोजी झाली आणि आपली माणसे त्यानंतर गेली. युद्धात भारताची जी तुकडी होती ती डॉक्टरांची, ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स; लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्याबरोबर त्यातल्या काही जणांनी २३ मार्च १९५१ रोजी याच मुन्सानला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून उड्या टाकून जखमींवर उपचार केले होते. आजोबा त्यांच्यातले नव्हेत. आजोबांची पलटण, म्हणजे २ पॅरा (मराठा), आली ती 'कस्टोडियन फोर्स'मध्ये. कामाच्या दृष्टीने पाहिले तर याला राखणदार फौज असेच म्हणावे लागेल.

कामही तसेच विचित्र होते. युद्ध थांबले तरी दोन्ही बाजूंच्या ताब्यातल्या हजारो कैद्यांना आपल्या देशात परत जायचे नव्हते, आणि युद्धबंदीची बोलणी दीर्घकाळ अडली होती ती प्रामुख्याने याच प्रश्नावर. अखेर ठरले ते असे, की परत जायला नकार देणारे कैदी काही महिने एका तटस्थ देशाच्या ताब्यात ठेवायचे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी तिथे येऊन त्यांची समजूत घालायची आणि मग ज्याचा त्याने निर्णय घ्यायचा. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि राखणदार फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सुमारे सहा हजार भारतीय सैनिक गेले. पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीला लागू देणार नाही, असा हट्ट धरला, तेव्हा इंचॉनच्या बंदरात आलेल्या बोटींवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी या सगळ्यांना उचलून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. छत्रीधारी पलटणीतले आमचे आजोबा परमुलखात उतरले ते असे, अलगद, कोणाच्या तरी रुसव्यामुळे. हे त्यांनी मला कधी सांगितले असते, तर आम्ही दोघे मनसोक्त हसलो असतो.

त्या माळावर त्यांनी जी छावणी वसवली तिचे नाव 'हिंद नगर'. काटेरी तारांच्या आत एकेका आवारात सुमारे पाचशे कैदी, असे दक्षिणेच्या बाजूने धरलेले एकूण २२,६०४ चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी आपल्या माणसांनी ताब्यात घेतले. उत्तरेच्या बाजूने धरलेले होते ३५९. आत दोन्ही विचारांचे पुढारी, मारामाऱ्या, घोषणा, आणि समजूत घालण्याच्या तंबूत नेताना ओरडणारे, थुंकणारे, हाताला लागेल ते फेकणारे कैदी. एकेकाला दोन्ही दंडांना धरून आत न्यायचे आणि तसेच बाहेर आणायचे, हे काम पहाऱ्यावरच्या शिपायांचे. उत्तरेकडचे म्हणत भारत समजूत घालूच देत नाही, आणि दक्षिणेकडचे म्हणत भारत साम्यवाद्यांना सामील आहे. सप्टेंबरच्या अखेरीस कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला आवारात ओढून नेले, तेव्हा जनरल थोरात स्वतः शस्त्र न घेता आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. त्यांना पुढे अशोकचक्र (वर्ग २) मिळाले, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात. मात्र सगळेच असे निभावले नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल आवरताना आपल्या सैनिकांना गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले. स्मरणिकेत हेही एका ओळीत यावे असे मला वाटते. त्या दिवशी आपण कुठे होतो, हे आजोबांनी कधी सांगितले नाही, आणि ज्या माणसाला आपल्या म्हशीने कोणत्या साली किती दूध दिले हे तोंडपाठ होते, तो हे विसरला असेल असे मला वाटत नाही.

त्या वर्षी त्यांनी आजीला पाठवलेल्या पत्रांपैकी एकच उरले आहे, ते आत्यांच्या पेटीत. आजीला वाचता येत नव्हते; मास्तरांनी वाचून दाखवायचे म्हणजे गावासमोर बोलल्यासारखेच, म्हणून पत्रात काही नाजूक असण्याचा प्रश्नच नव्हता. खुशाली, थंडी, दादांच्या गुडघ्याची चौकशी, विहिरीच्या गाळाचे काय झाले, आणि मध्येच एक वाक्य: 'इथे लढाई नाही, राखण आहे.' लहानपणी मी ते वाचले तेव्हा मला त्यात काहीच दिसले नव्हते. पण माणदेशातल्या माणसाला राखण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर चढून बसायचे, थाळी वाजवायची, गोफण फिरवायची, पाखरे उडवायची. आणि रान आपले नसेल, राखणीचे असेल, तर कणीस मोडून खायचे नाही. गोफणीचा धोंडा पाखराला लागता कामा नये, हेही आजोबांनीच मला शिकवले होते. आवाज पुरतो, म्हणत.

गोव्याची गोष्ट मात्र ते किती वेळा सांगत! डिसेंबर १९६१ मध्ये त्यांची पलटण फोंड्याच्या बाजूने आत गेली होती. त्या गोष्टीत पोर्तुगीज जवळपास नसतच. असे ते रस्त्यावर उभ्या राहून तांब्या पुढे करणाऱ्या एका बाईंचे, त्यांच्या कोकणीचे आणि 'पाव्हणं, उशीर केलात' अशा अर्थाचे त्या जे काही बोलल्या त्याचे वर्णन. दर वेळी त्या बाईंचे वय थोडे वाढत असे. कोरियाबद्दल विचारले की 'थंडी लई' एवढेच उत्तर मिळे, आणि विषय तिथेच मिटे.

१९६९ साली हवालदार म्हणून ते घरी आले. दोनच वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ रोजी, त्यांच्याच पलटणीने पूर्व बंगालमध्ये टांगाईलला उड्या टाकल्या आणि ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांमध्ये तीच पलटण होती. ती बातमी रेडिओवर ऐकून आजोबा गोठ्यात जाऊन बसले आणि रात्री जेवले नाहीत, असे आत्या सांगतात. तुम्ही त्या वेळी पंधरा वर्षांचे होता, तुम्हाला अधिक आठवत असेल. देशभर पेढे वाटले जात असताना आपल्या घरी मात्र एक माणूस आपण घरी असल्याबद्दल खजील होऊन बसला होता. समाजसेवा वगैरे जे आपण म्हणतो, त्याची सुरुवात त्या गोठ्यात झाली असावी, असा माझा तर्क आहे. तो चुकीचा असेल तर कळवावे.

कारण पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मी नव्याने काय लिहिणार? लाल मिलो, सुकडी, माळावर खडी फोडायला बसलेली सगळी गावे, हे तुम्ही सगळ्यांनी अंगावर काढलेले आहे. पण खडीच्या मापाची ती हकिकत स्मरणिकेत आलीच पाहिजे. आजोबांना लिहिता-वाचता येते आणि माणसे ओळीत उभी करता येतात, म्हणून कामावर मुकादम नेमले गेले. हजेरीपट त्यांच्या हाती. आजीही खडी फोडायला होतीच. आठवड्याच्या मापाच्या दिवशी सगळ्यांचे ढीग ब्रासमध्ये मोजून झाल्यावर त्यांनी आजीचा ढीग सर्वांत शेवटी मोजला. तो वरून फुगलेला आणि आतून पोकळ रचलेला होता, जसे सगळ्याच बायका रचत आणि सगळेच मुकादम समजून उमजून मोजत. आजोबांनी इतरांचे ढीग जसे होते तसे धरले, आजीचा मात्र काठी घालून खाली बसवला आणि उरेल तेवढेच माप लिहिले. आजीने दोन दिवस भाकरी थापली पण वाढली नाही. स्वतः उठून टोपल्यातून घ्यावी लागली. तिसऱ्या दिवशी तिने वाढली ती एवढे म्हणून: 'दुसऱ्याचं माप सैल, घरचं घट्ट, असल्या माणसाशी संसार म्हणजे जलमभर खडीच.' हे वाक्य आजी पुढे चाळीसेक वर्षे, भांडणात आणि कौतुकात, दोन्हीकडे वापरत असे.

बाबा, तुम्हाला या घट्ट मापाचा किती जाच झाला, हे मला ठाऊक आहे. तुमच्या नोकरीसाठी ओळखीच्या साहेबांना एक चिठ्ठी लिहायला त्यांनी नकार दिला, आणि त्याच महिन्यात खालच्या आळीतल्या एका मुलासाठी मात्र दोनदा साताऱ्याला खेपा घातल्या. तुम्ही ते कधी बोलून दाखवले नाही, आईने दाखवले. त्यात त्यांचे बरोबर होते असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. घरच्यांवर अन्याय करूनच न्यायी होता येते, अशी त्यांची काहीतरी समजूत होती, आणि तिची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही.

भरतीच्या मुलांना पहाटे साडेचारला उठवून म्हसवडच्या रस्त्याने पळवणे, ओसरीवर एक दैनिक आणि चार पुस्तके ठेवून वाचनालय सुरू करणे, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि त्यावर इतर लोक लिहितीलच. मला लिहायचे आहे ते नोव्हेंबर महिन्याबद्दल. दर नोव्हेंबरात ते पंचक्रोशीतल्या सैनिकांच्या विधवांना टेम्पोत घालून हयातीच्या दाखल्यासाठी दहिवडीला नेत. एका वर्षी, मी सातवीत असताना, मलाही नेले होते. नऊ म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याचे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद, आणि कागदाला कागद शिवलेला पांढऱ्या दोऱ्याने, कारण टाचणी गंजते असे आजोबांचे म्हणणे. खिडकीपलीकडच्या कारकुनाने एका आजीबाईंना सांगितले, की नावात काना नाही, त्यामुळे त्या हयात आहेत हे धरता येणार नाही. त्या बाई त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी आजोबांकडे पाहिले. मला वाटले आता फौजी आवाज निघणार. त्यांनी फक्त खिशातून पेन काढले, अर्ज मागितला आणि खिडकीखालच्या बाकावर बसून तो भरला. मग दुसरा, मग प्रतिज्ञापत्राचा मसुदा. दुपार झाली, खिडकी बंद झाली, पुन्हा उघडली, पुन्हा उभे राहिले. संध्याकाळी परत येताना मी चिडून विचारले, की तुम्ही त्याला बोलला का नाहीत? ते म्हणाले, 'त्याच्याशी भांडण माझं झालं असतं, पेन्शन हिची अडकली असती.' आता, त्या तंबूंबद्दल आणि थुंकणाऱ्या कैद्यांना दंडाला धरून नेणाऱ्या शिपायांबद्दल वाचताना, मला सारखा तो बाक आठवतो.

आजीच्या शेवटच्या सहा वर्षांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यातले बरेचसे तुमचे आणि आईचे आहे. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेल्यावर तिची वेणी आजोबा घालत. सकाळी तिला ओसरीवर, उन्हाच्या पट्ट्यात बसवायचे, खोबरेल तेलाची बाटली आधी उन्हात ठेवून पातळ करून घ्यायची, आणि मग बुटाची नाडी ओवावी तसा एकेक पेड समान ताणाने ओढत वेणी घालायची. पहिल्या काही दिवसांत ती इतकी घट्ट बसे की आजीच्या भुवया वर जात. तिला नीट बोलता येत नव्हते, पण डाव्या हाताने ती त्यांच्या मनगटावर चापट मारी, आणि ते 'ढिली करतो, ढिली करतो' म्हणत पुन्हा सोडून घालत. कोणी पाहुणे आले तरी ते काम अर्धवट टाकून उठत नसत. गावात लोक हसले असतील, नसतील. नंतर कोणी हसत नव्हते.

आता चमच्याबद्दल. हळदीच्या डब्यात जो पितळी चमचा असे, लांब दांड्याचा, जवळजवळ सपाट, गोल तोंडाचा, त्याला आपण 'हळदीचा चमचा' याखेरीज कधी काही म्हटले नाही. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या खानावळीत मी ताट घेतले, चमचा उचलला आणि उभीच राहिले. धातू वेगळा, पण तीच लांबी, तोच उथळपणा, हातात तोच तोल. इथे भात आणि रस्सा चमच्याने खातात, आणि प्रत्येकाचा चमचा असाच असतो. माझ्यामागे रांग थांबली होती. मला मराठीत मोठ्याने आजीला हाक मारावीशी वाटली.

आजीला मी एकदा विचारले होते, हा कुठला? ती म्हणाली होती, 'ह्यांना एका कैदी पोरानं दिला. त्याला ना हिकडचं घर पायजे हुतं, ना तिकडचं.' त्या वेळी मला वाटले, आजीने असेच काहीतरी रचून सांगितले. पण इथे वाचले, की त्या हजारो कैद्यांपैकी परत जायला काही शेच तयार झाले, बाकीच्यांना १९५४ च्या जानेवारीत पुन्हा दक्षिणेच्या बाजूकडे सोपवण्यात आले, आणि ८८ जण असे निघाले ज्यांनी उत्तरही नको आणि दक्षिणही नको म्हटले. ते फेब्रुवारीत आपल्या सैनिकांबरोबरच बोटीने मद्रासला आले. त्यांच्यापैकी काही पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. त्या बोटीवर आजोबा होते की दुसऱ्या, आणि चमचा बोटीवर मिळाला की तारेपलीकडून, हे आता कळणार नाही. एवढे मात्र आहे, की एकुलता एक चमचा असलेल्या माणसाने तो देऊन टाकला आणि आजोबांनी तो घेतला, आणि जो माणूस कोणाकडून चहाचेही मिंधेपण घेत नसे त्याने तो जन्मभर घरात ठेवला, तोही पदकांच्या पेटीत नव्हे, हळदीत.

म्हणून दोन विनंत्या. वाचनालयातल्या काचेच्या कपाटात त्यांची पदके जरूर ठेवावीत, 'कोरिया' लिहिलेली पट्टीसुद्धा. पण चमचा कपाटात ठेवू नये, आत्या आग्रह करतील तरीही. तो हळदीच्या डब्यातच असू द्यावा. दुसरी अशी, की दांड्याच्या टोकाला मागच्या बाजूने काहीतरी कोरलेले आहे, जे आजीने चिंच लावून लावून जवळजवळ घासून टाकले आहे. इथे चमच्यांवर बहुधा 'सुख' किंवा 'दीर्घायुष्य' अशा अर्थाचे एक अक्षर असते, कधी नावही असते. माझ्या इथल्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि जुनी अक्षरे वाचतात. आत्यांना सांगावे, की त्यावर आधी खडू चोळावा, मग बोटाने हलकेच पुसावा, म्हणजे खोबणीत पांढरे राहील, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढून मला पाठवावा. चमचा धुऊ मात्र नये.

आईने गुडघ्याला तेल लावणे सोडू नये. कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई